क्रियापदामागून येणारा छोटा शब्द : इंग्रजी ‘फ्रेझल व्हर्ब’च्या अभ्यासाची प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या फाट्यावर एसटीची वाट पाहण्यासाठी बांधलेला निवारा असतो आणि गावकरी त्याला ‘पिकअप शेड’ म्हणतात. भाजीपाला बाजार समितीत पोहोचवणारी छोटी मालवाहू गाडी ही ‘पिकअप’ असते. जुन्या मोटारसायकलला चढावर ‘पिकअप’ उरलेला नसतो आणि ट्रेकला निघालेली मंडळी आदल्या रात्री एकमेकांना ‘पिकअप पॉइंट’ कळवतात. कचेरीत फाइल ‘पुटअप’ होते, विधानसभेत विरोधक ‘वॉकआउट’ करतात, क्रिकेटमध्ये ‘फॉलो-ऑन’ मिळतो, आणि ‘लॉकआउट’ व ‘ले-ऑफ’ हे शब्द तर मुंबईच्या गिरणगावाने फार जवळून सोसले आहेत. इंग्रजीत दोन वाक्येही न बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी हे शब्द सहज असतात. वाचकांनी क्षणभर थांबून पाहिले तर ध्यानात येईल की या सगळ्यांचे कूळ एकच आहे. ते कूळ ओळखून घेण्यासाठी हे लेखन आहे.

ओळख सोपी आहे. इंग्रजीतले एखादे अगदी रोजचे क्रियापद घ्यावे: पिक, पुट, टेक, गेट, कम, गो, सेट, टर्न. त्याच्यामागून अप, ऑफ, आउट, ऑन, इन, डाउन, ओव्हर, बॅक असा एखादा छोटा शब्द येतो, आणि दोघांच्या मेळातून जो अर्थ उभा राहतो तो दोघांच्या बेरजेतून दरवेळी काढता येत नाही. ‘पुट’ म्हणजे ठेवणे. पण ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट आउट’ म्हणजे आग विझवणे आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूटपणे सोसणे. अशा जोडीला व्याकरणात ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव रूढ होण्याचे श्रेय लोगन पिअरसॉल स्मिथ या निबंधकाराच्या १९२५ सालच्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकाला दिले जाते; नाव आपल्याला हेन्री ब्रॅडली यांनी सुचवले, असे स्मिथनेच नोंदवले आहे. हे ब्रॅडली म्हणजे ऑक्सफर्डच्या महाकोशाचे एक संपादक. मागून येणाऱ्या छोट्या शब्दाला आपण येथे सोयीसाठी ‘दिशाशब्द’ म्हणू, कारण यांतल्या बहुतेकांचा मूळ अर्थ दिशेचा किंवा जागेचा आहे. नवख्या वाचकाच्या हाती हाच सर्वांत भरवशाचा दुवा आहे, हे पुढे दिसेलच.

आपल्याकडे या विषयाची पहिली भेट बहुधा व्याकरणाच्या पुस्तकाच्या शेवटी होते. वर्णानुक्रमे लावलेली यादी, समोर एकेक अर्थ, आणि परीक्षेपूर्वी ती पाठ करण्याची घाई. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले आजही ती अशीच घोकतात. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे, ‘कॉल ऑन’ म्हणजे भेटायला जाणे, ‘कॉल फॉर’ म्हणजे मागणी करणे. ही पाठांतरे चार-दोन गुण मिळवून देतात, पण बोलताना किंवा लिहिताना जिभेवर येत नाहीत. माणूस मग सुरक्षित वाटणाऱ्या एकशब्दी क्रियापदाकडे वळतो. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. डॅगट आणि लाउफर या अभ्यासकांनी १९८५ साली इस्राएलमधल्या हिब्रूभाषक विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा हेच आढळले: पर्याय समोर असला की विद्यार्थी फ्रेझल व्हर्ब टाळून एकशब्दी क्रियापद निवडत.

म्हणून तुम्हाला हा विषय अवघड वाटला असेल तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला, त्याच्या प्रस्तावनेतच त्याने ही अडचण नोंदवली आहे. क्रियापदामागे छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परभाषकांना सर्वाधिक त्रास देते, असे त्याचे निरीक्षण होते. त्याने ‘कम ऑफ’, ‘फॉल ऑन’, ‘सेट आउट’, ‘टेक ऑफ’ अशी उदाहरणे दिली, अशा जोड्या आपण फार काळजीने टिपल्या आहेत असे सांगितले, आणि यापुढे ही भिंत परभाषकांना अनुल्लंघ्य वाटणार नाही अशी आशा व्यक्त केली. एका कोशकाराने आपल्या अवाढव्य कामाच्या दारातच परक्या वाचकाची आठवण ठेवावी, ही गोष्ट मला नेहमीच मोठी वाटत आली आहे. जॉन्सनने ‘टेक ऑफ’चा दिलेला अर्थ होता नक्कल करणे. विमानाच्या उड्डाणाचा अर्थ त्या जोडीला मिळायला अजून दीड शतक जायचे होते.

ही रीत इंग्रजीत आली कशी? जुन्या इंग्रजीत दिशाशब्द बहुधा क्रियापदाच्या आधी, त्याला चिकटून येत असे. पुढे तो सुटा होऊन मागे गेला. या बदलात स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडात वसलेल्या लोकांच्या नॉर्स भाषेचा हातभार होता, असे पुष्कळ भाषेतिहासकार मानतात; ‘टेक’ हे क्रियापदच मुळी नॉर्समधून आलेले आहे. पीटरबरो मठातल्या इतिवृत्तात ११३२ सालाच्या नोंदीमध्ये राजाने मठाधिपतीला आपले पद सोडायला लावल्याचा प्रसंग आहे, आणि तिथे पद सोडण्यासाठी आजच्या ‘गिव्ह अप’चेच जुने रूप वापरलेले आहे. नॉर्मन विजयानंतर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. ‘गिव्ह अप’च्या शेजारी ‘सरेंडर’ येऊन बसला. दोन्ही टिकले. दरबार, न्यायालय आणि विद्यापीठ यांनी एक वापरला. शेत, स्वयंपाकघर आणि रस्ता यांनी दुसरा.

मराठी वाचकाला या ठिकाणी परके वाटू नये, कारण आपल्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. संस्कृतचे प्राथमिक धडे घेतलेल्याला ‘हृ’ धातूची गंमत ठाऊक असते: प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. धातू एकच, पण उपसर्ग बदलला की अर्थ कुठच्या कुठे जातो. इथवर बहुतेकांना माहीत असते. याहून मोलाची गोष्ट पाणिनीच्या अष्टाध्यायीत आहे. पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात त्याने आधी सांगितले की हे शब्द धातूच्या पूर्वी येतात; आणि लगेच पुढच्या दोन सूत्रांत नोंदवले की वेदांच्या भाषेत ते धातूच्या नंतरही येतात, आणि मध्ये इतर शब्द घालून दूरही राहू शकतात. क्रियापदामागे जाणे आणि त्याच्यापासून सुटे राहणे, हीच तर इंग्रजी फ्रेझल व्हर्बची दोन ठळक लक्षणे. दोन भाषा एकाच मोठ्या कुटुंबातल्या असल्याने हे साम्य आश्चर्याचे नाही, पण आनंदाचे जरूर आहे.

आजच्या मराठीतही हा व्यवहार जिवंत आहे, फक्त आपण त्याला वेगळे नाव देत नाही. परीक्षा ‘पुढे ढकलली’ म्हणताना कोणी काही ढकलत नाही. अर्ज ‘मागे घेतला’, मुलगा अभ्यासात ‘मागे पडला’, प्रकरण ‘बाहेर आले’, चोराला ‘आत टाकले’, काम ‘अंगावर पडले’, हट्ट करून एखादा ‘मागे लागला’. दिशाशब्द आणि क्रियापद यांच्या जोडीतून आपण रोज असे अर्थ घडवतो. क्रम तेवढा उलटा: आपला दिशाशब्द पुढे, इंग्रजीचा मागे. कचेरीतली फाइल साहेबांकडे ‘वर जाते’ आणि तीच इंग्रजीमिश्रित बोलीत ‘पुटअप’ होते, तेव्हा अधिकाराची उतरंड दोन्ही भाषांनी वर-खाली या एकाच चित्रातून पाहिलेली असते. वाचकांनी ही स्वतःची शिदोरी सोबत घेऊन या विषयात शिरावे.

आता एकाच जोडीजवळ जरा निवांत बसू. आपल्या फाट्यावर उभी असलेली ‘पिक अप’च घेऊ. तिचा उघड अर्थ खाली पडलेले उचलणे. जमिनीवरची पेन्सिल उचलली, रडणारे मूल उचलून घेतले, वाजणारा फोन उचलला. मराठीत ‘उचलणे’ या एका क्रियापदाने हे सगळे होते. त्याच्याही पुढे जाता येते. मुलीने शेजाऱ्यांकडून कानडी उचलली, गवयाने गुरूची लकब उचलली, पोलिसांनी दोघांना उचलले: या तिन्ही जागी इंग्रजीत ‘पिक अप’ चपखल बसते. दोन दूरच्या भाषांनी हातांच्या एकाच हालचालीतून शिकण्याचा आणि पकडण्याचा अर्थ काढावा, याचे मला फार अप्रूप वाटते. अर्थात ‘उचलणे’चे स्वतःचेही संसार आहेत. ऊसतोडीला निघण्यापूर्वी मजूर मुकादमाकडून ‘उचल’ घेतो, एखादी मागणी आपण ‘उचलून धरतो’. तिथे ‘पिक अप’ चालत नाही.

मग दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. ‘मी तुला स्टेशनवर पिक अप करतो’ म्हणजे मी गाडी घेऊन न्यायला येतो. येताना दूध ‘पिक अप’ कर म्हणजे वाटेत घेऊन ये. प्रवासात सर्दी ‘पिक अप’ झाली म्हणजे लागली. रेडिओने दूरचे केंद्र ‘पिक अप’ केले म्हणजे पकडले. हॉटेलचे बिल कोणी ‘पिक अप’ केले म्हणजे त्याने सर्वांचे पैसे भरले. दिवाळीच्या तोंडावर धंदा ‘पिक अप’ होतो, म्हणजे त्याला उठाव येतो. दुपारनंतर वारा ‘पिक अप’ होतो, म्हणजे जोर धरतो. काल जिथे बोलणे थांबले तिथून ते ‘पिक अप’ करायचे म्हणजे सोडलेला धागा पुन्हा धरायचा. आणि समोरच्याच्या आवाजातला किंचित बदल कोणी ‘पिक अप ऑन’ करतो, म्हणजे तो न सांगता हेरतो.

यादी वाढवत नेता येईल, पण वाचकांनी तसे न करता या अर्थांच्या तळाशी काय आहे ते पाहावे. माझ्या मते तिथे दोन प्रवाह आहेत. पहिला प्रवाह हाती येण्याचा: खाली, वाटेत किंवा विखुरलेले काही आपल्याकडे येते. पेन्सिल, प्रवासी, दूध, भाषा, सर्दी, रेडिओची लहर, सगळे याच ओघातले. दुसरा प्रवाह पातळी चढण्याचा: धंदा, वारा आणि आपल्या मोटारसायकलचा वेग. पहिल्या प्रवाहात आणखी एक बारीक छटा आहे, ती सहजतेची. ‘पिक अप’ केलेली भाषा शिकवणी लावून, व्याकरण घोकून शिकलेली नसते. ती येता-जाता कानावर पडून आलेली असते. वाटेत घेतलेले दूधही असेच, मुद्दाम बाजारहाट न करता आणलेले. ही छटा ओळखू आली की पाठांतराच्या यादीत कधी न सापडणारी गोष्ट हाती लागते: ही जोडी कुठे वापरू नये. वर्षानुवर्षे गुरूपाशी बसून मिळवलेल्या विद्येला ‘पिक अप’ म्हणणे तिचा अपमान ठरेल.

इथून दिशाशब्दाच्या अभ्यासाचे दार उघडते. ड्वाइट बोलिंजर यांचे १९७१ सालचे ‘द फ्रेझल व्हर्ब इन इंग्लिश’ हे या विषयावरचे मोठ्या मानाचे पुस्तक. त्यानंतर दहा वर्षांनी सुझन लिंडनर यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘अप’ आणि ‘आउट’ या दोनच शब्दांवर प्रबंध लिहिला. हे छोटे शब्द अर्थहीन शेपट्या नाहीत, त्यांच्या अर्थांचे एक सुसंगत जाळे असते, हे त्यांनी शेकडो उदाहरणांतून दाखवले. ‘अप’ म्हणजे वर. वर म्हणजे अधिक, म्हणून ‘स्पीक अप’, मोठ्याने बोल. वर आले की दिसते, म्हणून ‘टर्न अप’, अचानक उगवणे. आणि भांडे काठापर्यंत वर भरले की काम पुरे होते, म्हणून ‘अप’ला पूर्णतेचा अर्थ: ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’, ‘ईट अप’. या शेवटच्या अर्थासाठी मराठी दुसऱ्या क्रियापदाची मदत घेते. ‘ईट’ म्हणजे ‘खा’, आणि ‘ईट अप’ म्हणजे ‘खाऊन टाक’. तो ‘टाक’ कुठे काही टाकत नाही, जसा तो ‘अप’ कुठे वर जात नाही.

या जाळ्यात काही गाठी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. फॉर्म ‘फिल इन’ करा किंवा ‘फिल आउट’ करा, भरायचा तोच फॉर्म. घर ‘बर्न डाउन’ होते आणि कागद ‘बर्न अप’ होतात; जळतात दोन्ही. पण नीट पाहिले तर घराच्या जोडीत इमारत जमीनदोस्त होण्याचे चित्र आहे आणि कागदाच्या जोडीत काहीच शिल्लक न उरण्याचे. फॉर्मच्या बाबतीत एका जोडीने रिकाम्या जागांच्या आत पाहिले, दुसरीने पूर्ण झालेल्या कागदाकडे. सगळ्या गाठी इतक्या सुखाने सुटत नाहीत. काही जोड्यांचे मूळ चित्र काळाच्या ओघात पुसले गेले आहे आणि त्या जशा आहेत तशा स्वीकाराव्या लागतात. मात्र आधी चित्र शोधून पाहावे, मगच पाठांतराकडे वळावे, असे मी आग्रहाने सांगेन.

रचनेच्या बाबतीत दोनच गोष्टी सुरुवातीला पुरेत. पिशवी उचलायची तर ‘पिक अप द बॅग’ चालते आणि ‘पिक द बॅग अप’ही चालते. पण पिशवीच्या जागी सर्वनाम आले की ते मध्येच बसले पाहिजे: ‘पिक इट अप’. उलट ‘लुक आफ्टर’सारख्या जोडीत मध्ये नाम किंवा सर्वनाम शिरू शकत नाही, कारण तिथला ‘आफ्टर’ क्रियापदापेक्षा पुढच्या नामाला अधिक बांधलेला आहे. इंग्रजी व्याकरणाच्या वर्गात यासाठी एक जुनी जोडी सांगितली जाते: ‘रन अप अ हिल’ आणि ‘रन अप अ बिल’. टेकडीवर धावत जाताना ‘अप’ टेकडीचा असतो, बिल वाढवून ठेवताना तो ‘रन’चा असतो. दुसरी गोष्ट उच्चाराची. क्रियापद म्हणून बोलताना जोर बहुधा दिशाशब्दावर येतो. तीच जोडी नाम झाली की जोर पहिल्या शब्दावर सरकतो. मराठीत आपण घेतले ते बहुतेक नामरूपच: पिकअप, मेकअप, चेकअप, बॅकअप. म्हणून नाम ओळखीचे आणि क्रियापद मात्र परके, अशी आपली स्थिती झाली आहे. ओळखीच्या नामापासून मागे चालत क्रियापदाकडे जाणे ही मराठी वाचकासाठी फार सोयीची वाट आहे.

या छोट्या जोड्यांत किती सामर्थ्य आहे याचा एक नमुना सांगण्याजोगा आहे. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली ‘बेसिक इंग्लिश’ नावाची एक संक्षिप्त भाषा मांडली. तिची शब्दसंख्या ८५०, आणि त्यांत क्रियापदे अवघी १८. एवढ्यावर व्यवहार चालेल असे ते म्हणू शकले, कारण गिव्ह, टेक, गेट, पुट, कम, गो अशांना दिशाशब्द जोडून उरलेल्या असंख्य क्रियापदांचे काम भागत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चर्चिल यांनी या प्रकल्पाला उघड पाठिंबा दिला होता. योजना पुढे मागे पडली, आणि परभाषकांच्या दृष्टीने तिच्यात एक अंगभूत अडचणही होती: शब्द मोजकेच, पण त्यांच्या जोड्यांचे अर्थ शिकण्याचे ओझे तसेच राहिले.

भाषेच्या पातळीबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. फ्रेझल व्हर्ब म्हणजे बाजारू इंग्रजी, प्रौढ लेखनात ते येऊ नये, असे आपल्याकडे अनेकदा शिकवले जाते. ‘पुट अप विथ’ऐवजी ‘टॉलरेट’, ‘लुक इनटू’ऐवजी ‘इन्व्हेस्टिगेट’ अधिक औपचारिक आहेत हे खरे. मराठीत ‘पुढे ढकलणे’ आणि ‘स्थगित करणे’ यांत जे अंतर आहे तेच इथे आहे. पण ‘कॅरी आउट’, ‘सेट अप’, ‘पॉइंट आउट’ या जोड्या न्यायालयांच्या निकालांत आणि संशोधनलेखांत राजरोस भेटतात. इंग्रजी गद्याचा सगळा जिव्हाळा या देशी जोड्यांत आहे. त्या टाळून लिहिलेले इंग्रजी शुद्ध असते, पण कोरडे लागते.

याचा व्यवहारातला सर्वांत गंभीर भाग रुग्णालयात दिसतो. इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या मराठी डॉक्टरला किंवा परिचारिकेला आजारांची लॅटिन-ग्रीक नावे तोंडपाठ असतात. पण समोरचा रुग्ण ‘थ्रो अप’ म्हणतो तेव्हा त्याला उलटी झालेली असते. ‘कम आउट इन अ रॅश’ म्हणजे अंगावर पुरळ उठले. ‘वेअर ऑफ’ म्हणजे औषधाचा असर ओसरला. आणि ‘पास आउट’ म्हणजे तो बेशुद्ध पडला. आपल्याकडे मात्र ‘पास आउट’ म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडणे. हा अर्थ काही आपल्या अज्ञानातून आलेला नाही. लष्करी प्रशिक्षण पुरे करण्याचा ब्रिटिश वापर त्यामागे आहे, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत ‘पासिंग आउट परेड’ आजही त्याच अर्थाने होते. भारताने तो अर्थ महाविद्यालयापर्यंत ऐसपैस केला. दोन्ही अर्थ माहीत असणे एवढेच पुरेसे आहे. आपला वापर चुकीचा ठरवून टाकण्याची गरज नाही.

विमानवाहतुकीने तर एका जोडीची किंमत फार भयंकर रीतीने जाणली. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतल्या तेनेरिफेच्या धावपट्टीवर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. कारणे अनेक होती. त्यांतले एक असे की, डच विमानाच्या चालकवर्गाने आपण ‘टेक-ऑफ’ला आहोत अशा आशयाचे शब्द उच्चारले. नियंत्रकाने त्याचा अर्थ उड्डाणाच्या जागी थांबलो आहोत असा घेतला, आणि विमान प्रत्यक्षात धावू लागले होते. त्यानंतर रेडिओवरच्या बोलण्याचे नियम कडक झाले. आज ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक आहे. सामान्य बोलण्यात अनेक अर्थ सुखाने नांदणारी ही जोडी तिथे एकाच अर्थाला बांधून ठेवावी लागली.

इतके वाचून तुमच्या मनात प्रश्न आला असेल की अशा जोड्या आहेत तरी किती, आणि आयुष्य पुरेल का? १९८९ साली निघालेल्या कोलिन्स कोबिल्डच्या फ्रेझल व्हर्ब कोशात तीन हजारांहून अधिक जोड्या आहेत. आकडा घाबरवणारा आहे, पण त्याच्याजवळच दिलासाही आहे. गार्डनर आणि डेव्हिस या अभ्यासकांनी २००७ साली दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या भाषानमुन्यांच्या संग्रहात मोजणी केली. त्यात वापरल्या गेलेल्या फ्रेझल व्हर्बपैकी निम्म्याहून अधिक वापर केवळ शंभर जोड्यांचा होता. त्या शंभरांना सरासरी पाचांहून अधिक अर्थ होते, हे मात्र खरे. त्यावरही २०१५ साली गार्निए आणि श्मिट यांनी उपाय काढला. त्यांनी दीडशे जोड्या घेऊन प्रत्येकीचे खरोखर वारंवार येणारे अर्थ तेवढे निवडले, आणि ते सरासरीने एका जोडीला दोनच भरले. म्हणजे सुरुवातीचा डोंगर आपल्याला वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ बुटका आहे.

कोश वापरताना वाचकांनी एक सवय लावून घ्यावी. अर्थाच्या ओळीवर न थांबता खालचे उदाहरणवाक्य पुरे वाचावे, आणि त्यात कर्ता कोण, कर्म कोणते, हे पाहावे. ‘सेट इन’ हे क्रियापद पाऊस, थंडी, निराशा, कुजण्याची प्रक्रिया अशांबरोबर येते. आनंद क्वचितच ‘सेट इन’ होतो. असे सोबती अर्थाइतकेच महत्त्वाचे असतात, आणि ते केवळ वाक्यांतूनच कळतात. कोबिल्डच्या कोशाच्या शेवटी दिशाशब्दांची एक स्वतंत्र सूची आहे. क्रियापदाकडून न जाता ‘आउट’, ‘ऑफ’, ‘ओव्हर’ यांच्या बाजूने शिरण्यासाठी ती उत्तम. मला स्वतःला तोच रस्ता अधिक प्रिय आहे. ‘गेट’च्या चाळीस जोड्या एका दमात वाचल्या तर संध्याकाळपर्यंत एकमेकींत मिसळून जातात; ‘आउट’च्या दहा जोड्या त्यातल्या चित्रासह वाचल्या तर अकरावीचा अंदाज आपला आपण येऊ लागतो.

प्रारंभ कुठून करावा? कॉर्पसच्या यादीत सर्वांत वर आलेली जोडी आहे ‘गो ऑन’, आणि ती तितक्याच योग्यतेची आहे. चालू राहणे हा तिचा पहिला अर्थ. ‘व्हॉट्स गोइंग ऑन?’ म्हणजे इथे काय चालले आहे. दिवे ‘गो ऑन’ होतात, म्हणजे लागतात. एखादा सारखे तेच तेच बोलत सुटला की तो ‘गो ऑन’ करतो, आणि लाजणाऱ्या पाहुण्याला आपण ‘घ्या हो’ म्हणतो तिथे इंग्रज ‘गो ऑन!’ म्हणतो. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याजवळ ‘गो ऑन’ करण्यासारखे काही नसते, म्हणजे आधार धरायला पुरावा नसतो. शेवटी एक जोडगोळी तुम्ही स्वतः ताडून पाहावी. ‘शी वेन्ट ऑन टॉकिंग अबाउट हर व्हिलेज’ म्हणजे ती आपल्या गावाबद्दल बोलतच राहिली. ‘शी वेन्ट ऑन टु टॉक अबाउट हर व्हिलेज’ म्हणजे आधी दुसरे काही सांगून झाले आणि मग ती गावाकडे वळली. पहिल्या वाक्यात विषय तोच राहतो, दुसऱ्यात बदलतो. हातातल्या कुठल्याही इंग्रजी चरित्राचे पहिले प्रकरण उघडले तर यातला दुसरा प्रकार थोड्याच पानांत भेटेल: अमुक शाळेत शिकली आणि ‘वेन्ट ऑन टु बिकम’, पुढे जाऊन अमुक झाली.